मातांचा कैवारी

जेवणाच्या पानावर बसण्यापूर्वी हात धुवावेत, ही गोष्ट घरातील वडीलधारी माणसे आपणांस इतक्या लहानपणापासून सांगतात की, तीत काही विशेष आहे असे आपणांस वाटतच नाही. रुग्णालयात गेलो, तर रोग्याला स्पर्श करण्यापूर्वी डॉक्टर आणि परिचारिका हात स्वच्छ करताना दिसतात. तेही आपणांस स्वाभाविकच वाटते. परंतु सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातील मोठमोठ्या रुग्णालयांतील विद्वान डॉक्टरांना या साध्या गोष्टीचे मोल ठाऊक नव्हते. एका तरुण डॉक्टराने ते त्यांना पुराव्यानिशी दाखवून दिले, तेव्हाही त्यांतील पुष्कळांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. हजारो मातांचे प्राण वाचवणारी ती गोष्ट जगाच्या गळी उतरवण्यासाठी त्या डॉक्टराने आपले सारे आयुष्य वेचले. त्याचे नाव इग्नाझ सेमेलवाइस.

हंगेरी देशाची राजधानी बुडापेस्ट ही डॅन्यूब नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेली आहे. त्या काळी बुडा आणि पेस्ट ही दोन निरनिराळी नगरे होती. त्यांपैकी बुडा नगरातील ताबान नावाच्या वस्तीत १ जुलै १८१८ रोजी इग्नाझचा जन्म झाला. त्याचे वडील किराणा मालाचे सधन व्यापारी होते. घर मुलाबाळांनी भरलेले होते आणि खाण्यापिण्याची ददात नव्हती. मुलाने कायद्याचा अभ्यास करावा, या हेतूने १८३७ साली त्याला विएन्ना येथील विद्यापीठात पाठवण्यात आले. परंतु कायद्याच्या ग्रंथांत त्याचे मन रमले नाही. लवकरच तो वैद्यकाकडे वळला आणि १८४४ साली विएन्ना येथेच डॉक्टर झाला. पुढे बाळंतपणाच्या शास्त्राचा त्याने विशेष अभ्यास केला, आणि १८४६च्या जुलै महिन्यात विएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात, प्रसूतीच्या पहिल्या विभागात, प्राध्यापक योहान क्लाइन यांच्या हाताखाली तो सहायक म्हणून काम करू लागला.

हे रुग्णालय त्या काळी साऱ्या युरोपात नावाजलेले होते. दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी तेथे शिकावयास येत. ज्या गरीब स्त्रियांना घरी बाळंतपण करणे परवडत नसे, त्यांची तेथे विनामूल्य सोय होई. प्रसूतीचे दोन विभाग एकाच छपराखाली होते. पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्या विभागात सुइणींचे शिक्षण होई. आलेल्या स्त्रियांना एके दिवशी पहिल्या विभागात, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विभागात दाखल करून घ्यावयाचे, असा तेथील परिपाठ होता.

येथेच सेमेलवाइसला एक भयंकर कोडे पडले. बाळंतपण सुखरूप पार पडावे, बाळ रडावे, आईने ते कुशीत घ्यावे. आणि दोनचार दिवसांत त्या आईला थंडी वाजून कडकडीत ताप भरावा, पोटात असह्य वेदना सुरू व्हाव्यात आणि पाहता पाहता तिची प्राणज्योत मालवावी, असे तेथे वारंवार घडत असे. अनेकदा आईपाठोपाठ बाळही दगावे. या रोगाला सूतिकाज्वर म्हणत. तो दोन्ही विभागांत होता. परंतु पहिल्या विभागात त्याचा कहर होता. १८४६ या एका वर्षात पहिल्या विभागात ४,०१० प्रसूती झाल्या आणि ४५९ माता मृत्यू पावल्या. म्हणजे शेकडा अकरांहून अधिक! त्याच वर्षी दुसऱ्या विभागात ३,७५४ प्रसूतींमध्ये १०५ माता दगावल्या. हे प्रमाण शेकडा तीनही भरत नव्हते.

ही गोष्ट शहरातील गोरगरिबांपासून लपून राहिली नव्हती. पहिल्या विभागाचा दिवस आहे असे कळताच कित्येक स्त्रिया गुडघे टेकून, हात जोडून दुसऱ्या विभागात पाठवण्यासाठी विनवण्या करीत. काहींची प्रसूती रुग्णालयाच्या वाटेवरच होई. आश्चर्याची गोष्ट ही की, अशा रस्त्यात बाळंत झालेल्या स्त्रियांना हा ज्वर फारच क्वचित होई. जिथे निष्णात डॉक्टर होते, तिथे मृत्यू अधिक. आणि जिथे उघडे आकाश होते, तिथे मृत्यू कमी. असे का व्हावे? हा प्रश्न सेमेलवाइसला रात्रंदिवस छळू लागला.

त्या काळच्या विद्वानांना या प्रश्नाचे फारसे कोडे वाटत नव्हते. हवेत एक प्रकारचा दूषितपणा पसरतो आणि त्यामुळे असे रोग होतात, असे ते मानीत. परंतु सेमेलवाइसचे तेवढ्याने समाधान झाले नाही. दोन्ही विभागांवरची हवा एकच होती. मग ती एकाच विभागावर कशी कोपणार? त्याने एकेक कारण हाती घ्यावयास आणि ते पारखून टाकून द्यावयास आरंभ केला. गर्दीमुळे रोग होतो म्हणावे, तर गर्दी दुसऱ्या विभागातच अधिक होती. कारण पहिल्याची साऱ्यांनीच धास्ती घेतली होती. दुसऱ्या विभागात स्त्रियांना कुशीवर निजवून प्रसूत करीत, म्हणून त्याने पहिल्या विभागातही तसेच करून पाहिले. काही फरक पडला नाही. पहिल्या विभागात मरणोन्मुख रोग्याकडे जाणारा धर्मगुरू सर्व खाटांमधून जाई आणि त्याच्यापुढे एक सेवक घंटा वाजवीत चाले. त्या घंटेच्या नादाने स्त्रिया भयभीत होतात आणि म्हणून आजारी पडतात, असेही एक मत होते. सेमेलवाइसने धर्मगुरूला विनंती करून घंटा बंद करविली आणि त्याला आडवाटेने, न दिसेल असे जावयास सांगितले. तरीही मृत्यूंची संख्या कमी झाली नाही.

सारे तर्क असे एकामागून एक निष्फळ ठरले. मध्यंतरी काही महिने त्याची जागाही दुसऱ्याला देण्यात आली होती. १८४७च्या मार्च महिन्यात, पुन्हा कामावर रुजू होण्यापूर्वी, शिणलेल्या मनाला विसावा मिळावा म्हणून तो व्हेनिस शहर पाहण्यास गेला. तेथून परत येताच एक दुःखद वार्ता त्याच्या कानी पडली. याकोब कोलेच्का नावाचा त्याचा एक वडीलधारा मित्र त्याच रुग्णालयात प्राध्यापक होता. एका शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातातील सुरी चुकून त्याच्या बोटाला लागली होती. जखम लहानशीच होती. पण तिच्यातून सर्वांगात विष भिनले आणि त्यातच त्याचा अंत झाला.

मित्राच्या मृत्यूने सेमेलवाइस शोकाकुल झाला. परंतु त्याच्या आजाराची आणि शवविच्छेदनाची टिपणे वाचत असता तो एकाएकी चमकला. जी लक्षणे सूतिकाज्वराने मेलेल्या शेकडो मातांमध्ये त्याने पाहिली होती, तीच येथे होती! कोलेच्का पुरुष होता. त्याला सूतिकाज्वर होणे शक्यच नव्हते. मग दोघांचे मरण सारखे कसे? कोलेच्काच्या रक्तात प्रेताचा अंश सुरीने शिरला होता. तर मग त्या मातांच्या शरीरात तो कोणी पोचवला?

उत्तर समोरच होते. पहिल्या विभागातील डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करीत आणि तेथून तडक प्रसूतिकक्षात येऊन स्त्रियांना तपासत. हात धुतले, तरी ते नुसत्या साबणाने. प्रेताचा वास त्या हातांना तसाच येत राही. दुसऱ्या विभागातील सुइणींना शवविच्छेदन करावे लागत नसे. रस्त्यात बाळंत झालेल्या स्त्रीला कोणा डॉक्टराचा हात लागलेला नसे. कोडे सुटले. मृत्यू हवेतून येत नव्हता. तो डॉक्टरांच्या हातांवरून येत होता.

सत्य सापडल्याचा आनंद सेमेलवाइसला झाला असेल, असे आपणांस वाटेल. परंतु त्या सत्यात एक जीवघेणे शल्य होते. सूतिकाज्वराचे मूळ शोधावे, या तळमळीने तो स्वतःच दररोज पहाटे उठून मेलेल्या मातांच्या शवांची परीक्षा करीत असे, आणि मग विभागात जाऊन जिवंत मातांना तपासत असे. इतकी शवे तपासणारा डॉक्टर क्वचितच दुसरा असेल. म्हणजे ज्यांना वाचवण्यासाठी तो धडपडत होता, त्यांतील कित्येकींना त्याच्याच हातांनी मरण दिले होते! हा दोष झाकून ठेवणे सोपे होते. कारण तो कोणालाच दिसत नव्हता. पण सेमेलवाइसने तो झाकला नाही. त्याने तो स्वतःशी कबूल केला आणि पुढे आपल्या ग्रंथात साऱ्या जगासमोर लिहून ठेवला. झाले ते परत फिरवता येत नाही. यापुढे मात्र ते होऊ द्यावयाचे नाही, असा त्याने निश्चय केला.

१८४७च्या मे महिन्यात त्याने विभागात एक नवा नियम घालून दिला. प्रसूतिकक्षात येणाऱ्या प्रत्येकाने, मग तो विद्यार्थी असो वा डॉक्टर, क्लोरीन मिसळलेल्या पाण्याने हात धुतल्यावाचून कोणत्याही स्त्रीला स्पर्श करावयाचा नाही. क्लोरीनच त्याने का निवडले? साबणाने न जाणारा प्रेताचा वास क्लोरीनने नाहीसा होतो, हे त्याने पाहिले होते. वास गेला म्हणजे वास देणारा पदार्थही गेला, असे त्याने अनुमान केले. रोगजंतूंची माहिती त्या काळी कोणालाच नव्हती. क्लोरीन हे जंतूंचा नाश करते, हे आज आपण जाणतो. पुढे हे द्रव्य महाग पडू लागले, तेव्हा त्याच्याऐवजी क्लोरीनयुक्त चुन्याचे स्वस्त पाणी वापरण्यात आले. त्या पाण्याने हातांची आग होई, कातडी खरखरीत होई. पुष्कळांनी कुरकुर केली. पण सेमेलवाइस दाराशी पहाऱ्यासारखा उभा राही आणि हात धुतल्यावाचून कोणालाही आत सोडीत नसे.

आणि मग जे घडले, ते आकड्यांनीच सांगितले पाहिजे. एप्रिल महिन्यात पहिल्या विभागात ३१२ मातांपैकी ५७ मृत्यू पावल्या होत्या. जून महिन्यात २६८ मातांपैकी ६, आणि जुलैमध्ये २५० मातांपैकी केवळ ३ दगावल्या. कित्येक वर्षे ज्या विभागाच्या नावाने स्त्रिया थरथर कापत, तो विभाग दोनतीन महिन्यांत दुसऱ्या विभागाइतका निर्भय झाला.

तथापि सेमेलवाइसचे शिक्षण अजून संपले नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात कर्करोगाने पीडलेली एक स्त्री विभागात पहिल्या खाटेवर होती. तिचे व्रण वाहत होते. डॉक्टर नेहमीप्रमाणे प्रथम तिला तपासत, आणि मग केवळ साबणाने हात धुवून पुढच्या खाटांकडे वळत. तिच्यानंतर तपासलेल्या बारा मातांपैकी अकरा जणी मृत्यू पावल्या. येथे प्रेताचा संबंध नव्हता. म्हणजे रोगाचे विष जिवंत माणसाच्या व्रणातूनही हातांवर येते आणि एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाते, हे सेमेलवाइसने ओळखले. तेव्हापासून एका रोग्याला तपासल्यानंतर दुसऱ्याला हात लावण्यापूर्वी क्लोरीनच्या पाण्याने हात धुतलेच पाहिजेत, असा दंडक त्याने घातला. व्रण वाहत असलेल्या रोग्यांना तो वेगळे ठेवू लागला. १८४८ सालात पहिल्या विभागात ३,५५६ प्रसूती झाल्या आणि ४५ माता दगावल्या. त्या वर्षातील मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत तर सूतिकाज्वराने एकही मृत्यू झाला नाही.

एवढा उघड पुरावा पाहून साऱ्या वैद्यांनी सेमेलवाइसला डोक्यावर घ्यावयास हवे होते. परंतु तसे झाले नाही. हेब्रा, श्कोडा आणि रोकिटान्स्की यांसारखे विएन्नाचे काही नामांकित डॉक्टर त्याच्या बाजूने उभे राहिले. इतर पुष्कळांनी मात्र त्याचे म्हणणे मानले नाही. एका रोगाला असे एकच कारण असू शकते, हे त्यांच्या शास्त्रात बसत नव्हते. आणि त्याहून कठीण गोष्ट ही होती की, सेमेलवाइसचे म्हणणे मान्य करणे म्हणजे आजवर आपल्याच हातांनी आपले रोगी मेले, हे मान्य करणे होते. ते कबूल करण्याचे धैर्य थोड्यांपाशीच होते.

सेमेलवाइसचीही एक मोठी चूक झाली. आपला शोध आणि त्याचे पुरावे त्याने स्वतः लवकर लिहून प्रसिद्ध केले नाहीत. लिहिण्याचा त्याला कंटाळा होता. मित्रांनी त्याच्या वतीने लेख लिहिले, व्याख्याने दिली. परंतु त्यांतून अनेकांचा गैरसमज झाला. केवळ प्रेताच्या संसर्गानेच हा रोग होतो, असे त्याचे मत आहे, अशी कित्येकांची समजूत झाली. इकडे वरिष्ठ क्लाइन यांचे आणि त्याचे पटेनासे झाले. १८४९च्या मार्चमध्ये त्याची मुदत संपली, तेव्हा ती वाढवून देण्यात आली नाही. पुढे त्याला शिकवण्याची परवानगी मिळाली, तीही केवळ पुतळ्यावर शिकवण्यापुरती. हा अपमान त्याला सोसवला नाही. १८५० साली, जिवलग मित्रांचाही निरोप न घेता, तो विएन्ना सोडून मायदेशी निघून गेला.

पेस्ट येथील सेंट रोखुस या लहानशा रुग्णालयात तो १८५१ पासून वेतनावाचून काम करू लागला. तेथेही सूतिकाज्वराचे थैमान चालू होते. सेमेलवाइसने तेथे आपले नियम कसोशीने लागू केले. सहा वर्षांत तेथे ९३३ प्रसूती झाल्या आणि सूतिकाज्वराने केवळ आठ माता दगावल्या. १८५५ साली तो पेस्ट विद्यापीठात प्राध्यापक झाला. १८५७ साली त्याचा विवाह झाला. मुलाबाळांत त्याचे दिवस सुखाने जाऊ शकले असते. परंतु इतर देशांतील रुग्णालयांत माता अजून मरत आहेत, आणि त्या मरण्याचे कारण काहीच नाही, हा विचार त्याला स्वस्थ बसू देईना.

अखेर आपले सारे अनुभव आणि आकडे त्याने एका मोठ्या ग्रंथात लिहून काढले. शोध लागल्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी, १८६१ साल उजाडण्याच्या सुमारास, तो प्रसिद्ध झाला. त्याचेही फारसे स्वागत झाले नाही. तेव्हा त्याचा संयम सुटला. आपल्या विरोधकांना त्याने उघड पत्रे लिहिली आणि त्यांत त्यांना मातांचे मारेकरी ठरवले. त्याच्या संतापाच्या मुळाशी करुणा होती, हे खरे. परंतु कठोर शब्दांनी मने वळत नाहीत. ती अधिकच दूर जातात. विरोधक अधिक चिडले आणि तो अधिकाधिक एकाकी होत गेला.

पुढे त्याचे मनःस्वास्थ्य ढासळले. १८६५च्या जुलै महिन्याच्या अखेरीस त्याला विएन्ना येथील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. तेथे त्याला झालेल्या जखमा चिघळल्या, त्यांचे विष रक्तात भिनले आणि १३ ऑगस्ट १८६५ रोजी, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. ज्या प्रकारच्या रक्तदोषाने त्याचा मित्र कोलेच्का मेला आणि ज्याच्याशी तो आयुष्यभर झुंजला, त्यानेच त्याचा बळी घेतला.

दैवाचा खेळ पहा! सेमेलवाइसच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी, दूर स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात जोसेफ लिस्टर नावाचा शस्त्रवैद्य एका अकरा वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायाची जखम कार्बोलिक आम्लाने धुवून बांधत होता. गाडीचे चाक पायावरून गेलेला तो मुलगा बरा झाला, आणि जखमा निर्जंतुक ठेवण्याच्या नव्या युगाला आरंभ झाला. त्यानंतर १८७९ साली पॅरिस येथे लुई पाश्चर याने सूतिकाज्वर घडवून आणणारे जंतू साखळीच्या रूपात असतात, हे विद्वानांच्या सभेत दाखवून दिले. सेमेलवाइसने जे डोळ्यांनी न पाहता केवळ विचाराने ओळखले होते, ते आता सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले. त्याचे म्हणणे खरे होते, हे जगाला पटले. पण ते ऐकण्यास तो उरला नव्हता.

आज बुडापेस्ट येथील वैद्यकीय विद्यापीठाला सेमेलवाइसचे नाव आहे, आणि त्याच्या जन्मघरात वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. त्याच घराच्या अंगणात त्याच्या अस्थी विसावल्या आहेत. मातांचा तारणहार म्हणून त्याचा गौरव केला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालापासून ५ मे हा दिवस रुग्णसेवेत हात स्वच्छ ठेवण्याच्या प्रचारासाठी ठरवला आहे. रोग्याला स्पर्श करण्यापूर्वी आणि स्पर्श केल्यानंतर डॉक्टर, परिचारिका व इतर सेवक यांनी हात स्वच्छ केलेच पाहिजेत, असा नियम आता सर्वत्र आहे. क्लोरीनच्या झोंबणाऱ्या पाण्याऐवजी मद्यार्कयुक्त द्रव खाटेजवळच ठेवलेला असतो. तरीही कामाच्या घाईगर्दीत हात स्वच्छ करावयाचे राहून जाते आणि एका रोग्याचा संसर्ग दुसऱ्याला होतो. म्हणून जुन्याजाणत्या सेवकांनाही या नियमाची पुनःपुन्हा आठवण करून द्यावी लागते. सेमेलवाइसचे काम अद्याप संपलेले नाही.

मुलांनो, सेमेलवाइसने नवे यंत्र शोधले नाही, की नवे औषध निर्माण केले नाही. एक पाण्याचे भांडे, थोडा क्लोरीनयुक्त चुना आणि एक साधा नियम, एवढीच त्याची साधने होती. त्याचे खरे मोठेपण दुसऱ्याच गोष्टीत आहे. संकटाचे मूळ हवेत, नशिबात आणि इतरांच्या चुकांत शोधणारे पुष्कळ होते; ते आपल्याच हातांवर आहे का, हे पाहण्याचे धैर्य त्याने दाखवले. आपला दोष दिसल्यावर तो लपवण्यापेक्षा धुऊन टाकणे अधिक चांगले, हे त्याने आपल्या उदाहरणाने शिकवले. रोज पाण्याखाली हात धरताना त्या एकाकी डॉक्टराची आठवण आपण अवश्य ठेवावी.